विचार जुळणारा वन बीएचके

माझा आतेभाऊ पुण्यात एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. पगार बेचाळीस हजार, घरभाडं एकवीस हजार. म्हणजे महिन्याचे पहिले पंधरा दिवस तो घरमालकासाठी ऱ्हस्व-दीर्घ बघतो आणि उरलेले पंधरा दिवस स्वतःसाठी. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला.

"दादा, आम्ही तुमच्याकडं यायचं म्हणतोय."

"ये की. पण मंगळवारनंतर ये."

आमच्या शहरात पाहुण्याला वार सांगून बोलावतात. का, ते पुढं येईलच.

"तसं नाही. कायमचं यायचं म्हणतोय."

त्याच्या अटी दोनच होत्या. भाडं दहा हजारांच्या आत असावं आणि वातावरण आपल्या विचारांशी जुळणारं असावं. दुसरी अट ऐकून मी फोन कानापासून जरा लांब धरला. पुण्यात म्हणे त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी दूध येण्याआधी भांडण येतं. सासुरवाडीच्या ग्रुपमधून तो तीनदा बाहेर पडला. दोनदा वहिनींनी परत आत घेतला, तिसऱ्यांदा त्याही बाहेर पडल्या. "घर लहान चालेल," तो म्हणाला, "पण शेजारी आपल्या विचारांचे हवेत. तुमच्या शहराचा विचार काय आहे?"

तीस वर्षं इथं राहतोय, पण हे कुणी विचारलं नव्हतं. मी बोटांवर मोजून पाहिलं. १९९९ पासून सलग चार वेळा आम्ही शिवसेनेचा एकच खासदार दिल्लीला पाठवला. २०१९ मध्ये त्यालाच ४,४९२ मतांनी घरी बसवून एमआयएमचा पाठवला. २०२४ मध्ये पुन्हा शिवसेनेचा पाठवला, पण तोवर शिवसेना दोन झाल्या होत्या आणि दोन्ही आमच्याच मैदानात उभ्या होत्या. आता यातला विचार कोणता, हे मी त्याला काय सांगणार? त्याचं स्वतःचंही काही सोपं नव्हतं. तो ज्या पक्षाचा, त्या पक्षाचेही दोन पक्ष झालेत आणि आपण त्यातल्या नेमक्या कोणत्या अर्ध्यात आहोत हे त्याचं अजून ठरायचंय. जुळवायचं असेल तर निदान एक टोक तरी पक्कं लागतं.

बिऱ्हाड हलवून इथं येण्याचा रिवाज मात्र आमच्याकडं जुना आहे. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं दिल्लीची राजधानी उचलून देवगिरीला आणली आणि तिचं नाव दौलताबाद ठेवलं. नाव आधी, सोयी मागाहून, ही रीत तेव्हापासूनची. चाळीस दिवसांची वाट. काही वर्षांत सगळा लवाजमा आल्या वाटेनं परत गेला आणि जाण्याची जी कारणं सांगतात त्यात पाण्याचं नाव येतंच. मागं राहिला तो नान-खलिया. तुघलकाच्या फौजेच्या भटारखान्यातून तो इथं आला असं जुने लोक सांगतात. बेत फसला, पण रस्सा जमला.

मलिक अंबरचं वेगळं. हबशी गुलाम म्हणून या हातातून त्या हातात विकला जात जात दख्खनला आलेला माणूस. त्यानं १६१० मध्ये इथं खडकी वसवली आणि विचार कुणाचे जुळतात हे न विचारता आधी पाणी आणलं. डोंगराकडचं पाणी, जमिनीखालच्या नहरीतून, मोटार न लावता. त्याच्या मुलानं खडकीचं फतेहनगर केलं, १६५३ मध्ये औरंगजेबानं औरंगाबाद केलं. नहर मात्र तीच राहिली. तिचं नावही कुणी बदललं नाही.

हे सगळं ऐकूनही आतेभाऊ शिवाजीनगरला शिवाईत बसला. पहिला पेच तिथंच. कंडक्टरला गावाचं नाव काय सांगायचं? जुनं म्हणावं तर शेजारचा वळून बघतो, नवं म्हणावं तर मागचा. नगरवाल्यांचं बरं आहे. अहिल्यानगर झालं तरी "एक नगर द्या" म्हटलं की काम भागतं. आमच्याकडं काही जाणते लोक 'एमएच वीस' म्हणून वेळ मारून नेतात, पण ते गाडीच्या पाटीवर शोभतं, तिकीट मागताना नाही. शेवटी आतेभाऊ म्हणाला, "लास्ट स्टॉप." कंडक्टरनं मानही वर न करता तिकीट फाडलं. रोज निम्मी गाडी लास्ट स्टॉपच मागत असणार.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरं बघायला निघालो. आतेभावाची रीत अशी की गल्लीत शिरण्याआधी तो मान वर करून झेंडे मोजायचा. भगवे किती, निळे किती, हिरवे किती. मी त्याला म्हटलं, "वर बघतोसच तर टाक्या मोज. झेंडा घरटी एक असतो, टाक्या तीन असतात." त्याला तो विनोद वाटला.

एजंट उत्साही होता. २०१० च्या ऑक्टोबरात या शहरानं एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, हे त्यानं पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. वन बीएचके मागायला आलेल्या माणसाला हे का सांगायचं, कुणास ठाऊक. त्या गाड्या धुतात कशानं, हे मी विचारलं नाही.

"आम्हाला मिश्र वस्ती आवडेल," आतेभाऊ म्हणाला.

"हौ ना सर, मिश्रच आहे. खाली दुकानं, वर फ्लॅट."

"तसं नाही. म्हणजे सगळ्या प्रकारचे लोक."

"सगळ्या प्रकारचे आहेत. शिक्षक आहेत, वाळूजचे कामगार आहेत, दोघं तर बँकेतले."

एजंटच्या मोबाइलमधल्या यादीत गारखेडा होता, उल्कानगरी होती, सिडको, बीड बायपास, सातारा, देवळाई होतं. शहागंज, किराडपुरा, रोशन गेट त्यात नव्हतं. निम्मं शहर गाळून उरलेलं शहर तो दाखवत होता आणि मिश्र वस्तीची हौस असलेल्या माझ्या आतेभावानं गाळलेलं कुठं गेलं हे काही विचारलं नाही. मीही नाही विचारलं. बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात. त्यातले बंद किती, हे भाड्यानं घर शोधताना कळतं.

गारखेड्यातल्या काकूंनी चहा दिला, पोहे दिले आणि आडनाव विचारलं. आमचं आडनाव असं आहे की ते चार जातींत सापडतं. मग मूळ गाव कोणतं. तिथं वाडा कुठल्या आळीत. कुलदैवत कोणतं. मामाकडचं आडनाव काय. पोलिसांच्या एवढ्या चौकशीनंतर निदान पासपोर्ट तरी मिळतो. पूर्वीही आमच्याकडं हे प्रश्न होतेच, पण उत्तर ऐकून लोक "अस्सं का" म्हणून मोकळे व्हायचे. सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीत लाठीमार झाला, आरक्षणाचा वणवा पेटला आणि तेव्हापासून मराठवाड्यात आडनाव ऐकल्यावर माणूस क्षणभर थांबतो. काकूही थांबल्या. मग म्हणाल्या, "घर द्यायचंच होतं हो, पण आता मुलालाच लागणार आहे." मुलगा कॅनडात आहे, हे त्यांनी पोहे देतानाच सांगितलं होतं.

बाहेर आल्यावर आतेभाऊ खचला. मी त्याला आमच्या जिल्ह्याचं उदाहरण दिलं. विचार जुळणारं गाव शोधावं तर आमच्या आमदारांनी. २०१९ मध्ये जिल्ह्यात शिवसेनेचे सहा आमदार निवडून आले. जून २०२२ मध्ये त्यातल्या पाच जणांना इथं करमेना. सुरत, गुवाहाटी, गोवा असं करत त्यांनी जुळणारा विचार शोधून काढला. सामान हलवायचा टेम्पो नाही, एजंटची दलाली नाही, पोलीस पडताळणी नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डिपॉझिट नाही. डिपॉझिट हा शब्द या देशात घरमालकाच्या आणि निवडणूक आयोगाच्याच तोंडी असतो. साध्या माणसाचं दोन्हीकडं जातं.

"मग मी कुठं जाऊ?" आतेभाऊ म्हणाला.

एजंट म्हणाला, "साताऱ्यात."

सातारा परिसरातला फ्लॅट खरंच छान होता. भाडं आठ हजार, हवेशीर, खिडकीतून डोंगर. स्वयंपाकघरात तीन नळ. एक बोअरचा, तो खरखरला आणि गप्प झाला. एक टँकरचा, तो टँकर आला की चालणार. तिसरा नळ नवाकोरा चकचकीत होता.

"हा कशाचा?"

"तो नव्या योजनेचा, सर."

नव्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं, तेव्हा ती १६८० कोटींची होती. पुढं ती २७४० कोटींवर गेली. पाण्याला चढ चढायला पंप लागतो, आकडा आपला आपण चढतो. पैठणचा नाथसागर इथून पन्नासेक किलोमीटर. धरण भरलं, दरवाजे उघडले की आम्ही रविवारी पोराबाळांना घेऊन पाणी बघायला जातो, फोटो काढतो, पैठणीची दुकानं हिंडतो आणि घरी येऊन लाईनमनला फोन करतो, "दादा, उद्या येणार ना?"

२०२२ चा उन्हाळा मी विसरणार नाही. मे महिन्यात पाणीपट्टी ४०५० वरून २०२५ रुपयांवर आणली. पाणी आधीच निम्मं झालं होतं, पावतीनं आता त्याला गाठलं. त्याच महिन्यात पाण्यासाठी भाजपचा मोर्चा निघाला. जूनमध्ये मुख्यमंत्र्यांची सभा झाली. आता काहीतरी येणार, असं वाटत होतं आणि २९ जूनला ते आलं. नाव आलं. त्याच रात्री मुख्यमंत्री गेले. १६ जुलैला नव्या सरकारनं नावामागं 'छत्रपती' जोडून ते पुन्हा मंजूर केलं. सतरा दिवसांत नाव दोनदा आलं. आमच्या गल्लीत त्या सतरा दिवसांत पाणीही दोनदाच आलं. बरोबरी सुटली. नावाबद्दल माझी तक्रार नाही, ज्यांचं नाव आहे ते राजे मोठेच होते. पण त्यांच्या नावाच्या गावात पहाटे तीनला उठून हौदात पाईप सोडावा लागतो, याचीही कुठं नोंद असावी.

संध्याकाळी आतेभाऊ हिशेब मांडून बसला. भाड्यात महिना बारा-तेरा हजार वाचतात, असं त्यानं कागदाच्या डाव्या बाजूला लिहिलं. माझी बायको शेजारी बसून उजवी बाजू भरत होती. टँकर. प्यायचे जार. हौदाची मोटार. मोटार जळाली की ती भरून घेणं. पाण्याच्या दिवशी कामावर दांडी. दांडीवर ती थांबली आणि म्हणाली, "भाऊजी, हे सगळं घेऊनही पुण्यापेक्षा स्वस्तच पडतं. फक्त तुम्हाला झोप लागत नाही."

"आणि वातावरण?" त्यानं विचारलं.

तेव्हा मी त्याला पहाटेचं वातावरण सांगितलं. आमच्या गल्लीत तीन पक्षांचे कार्यकर्ते राहतात. फेसबुकवर ते एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. पाण्याच्या दिवशी मात्र तिघंही बनियनवर व्हॉल्वच्या खड्ड्याभोवती उभे असतात आणि एकाच लाईनमनला दादा म्हणतात. एप्रिल २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली, पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली पावणेसहा वर्षं शहराला नगरसेवक नव्हते. आम्हाला फार जाणवलं नाही. लाईनमन तीन दिवस गावाला गेला तेव्हा जाणवलं.

दुसऱ्या दिवशी एजंटनं सिडकोतलं एक घर दाखवलं. भिंतीला ओल, बाल्कनीत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं वाकायचं. भाडं साडेनऊ हजार. आतेभाऊ तोंड वाकडं करणार तेवढ्यात घरमालक म्हणाले, "पाचशे जास्त वाटतील. पण वरच्या मजल्यावर लाईनमन राहतात."

आतेभावानं झेंडा बघितला नाही. लाईनमनचा पक्ष विचारला नाही, जात विचारली नाही, ते सकाळी ग्रुपवर काय टाकतात हेही विचारलं नाही. खिशातून टोकन काढून दिलं.

करारनामा आला तेव्हा त्याच्यातला मुद्रितशोधक जागा झाला. एकाच पानावर शहराचं नाव तीन तऱ्हांनी होतं. वर जुनं, मध्ये नवं, खाली दोन्ही आणि मध्ये तिरकी रेघ. अशी चूक त्याच्या छापखान्यात झाली असती तर त्यानं फर्मा परत पाठवला असता. त्यानं पेन काढलं, पानाकडं बघितलं, घरमालकाकडं बघितलं, खिडकीतून वरच्या मजल्याकडं बघितलं. मग सही केली आणि पेन खिशात ठेवलं.

पुढचं पाणी मंगळवारी आहे आणि तो सोमवारी सामान घेऊन येतोय. वाचकांपैकी कुणाकडं हजार लिटरची जुनी टाकी असेल तर कळवावं. झाकण असलं तर उत्तम. रंग कोणताही चालेल.