भीमाची पाटी कोरी केल्याबद्दल आभार

प्रिय राजामौली भाऊ,


पत्राला उशीर झाला, माफी असावी. २५ मार्च २०२२ ला तुमचा ‘आरआरआर’ लागला तेव्हा आमच्या बालाघाट जिल्ह्यात मोहफुलांचा हंगाम होता. मग हिंदीतून पाहिला, तोवर तुमचं गाणं जगभर वाजायला लागलं, आणि २०२३ च्या मार्चमध्ये ऑस्करही आलं. वरात दारात असताना नवरदेवाकडे उधारी मागू नये, म्हणून थांबलो. आता वाजंत्री पांगली आहे.

आधी अभिनंदन. निझामाच्या पोलिसांना जे जमलं नाही ते तुम्ही तीन तासांत करून दाखवलंत. त्यांनी १९४० साली जोडेघाटात कोमाराम भीमाला गोळ्या घातल्या, पण त्याचं म्हणणं काही मरेना. ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचं राज्य, असं म्हणणारा हा गोंड. त्याची कथा आसिफाबादच्या डोंगरांतून पिढ्यान् पिढ्या गायली गेली. तुम्ही मात्र कुणाला दुखापत न करता, नाचत-गात, ते म्हणणंच काढून घेतलंत.

भीमाचं भांडण कोणाशी, हे तिकडचं शेंबडं पोरही सांगेल. निझामाचं जंगल खातं, चराईवर आणि सरपणावर वसुली करणारे त्याचे अंमलदार, कसलेल्या जमिनी बळकावणारे जमीनदार. तुमच्या सिनेमात निझाम आहे का? आहे की! त्याचा माणूस दिल्लीला येतो आणि इंग्रजांना अदबीनं समजावतो, की बाबांनो, गोंडांची पळवून आणलेली पोर परत करा, त्यांचा राखणदार शोधत येईल. ज्याच्या राज्याशी लढता लढता भीम मेला, त्याचाच वकील भीमाचा हितचिंतक! खलनायक गोरा ठेवला की सोय असते म्हणा. लंडनहून मोर्चा येत नाही.

पण माझी खरी तक्रार पाटीची आहे. शेवटी तुमचा दुसरा नायक राजू विचारतो, तुला काय देऊ? आणि तुमचा भीम म्हणतो, मला शिकव. राजू मग झेंड्यावर लिहून देतो, ‘जल, जंगल, जमीन’. थेटरात टाळ्या पडल्या. अहो भाऊ, ही घोषणा ज्याच्या नावाने देशभर दिली जाते, त्यालाच ती दुसऱ्याने लिहून द्यायची? भीमाच्या चरित्रात सांगतात ते असं: जमिनीच्या भांडणात त्याच्या हातून निझामाचा माणूस मेला, तेव्हा तो पळाला तो मराठी मुलखात, बल्लारशा-चांद्याकडे. तिथे विठोबा नावाच्या छापखानेवाल्याकडे राहिला आणि हिंदी, उर्दू, इंग्रजी शिकला. पुढे आसामच्या चहामळ्यांत मजुरी केली आणि मग गावी येऊन बारा गावं उभी केली. म्हणजे त्याने जंगल सोडलं, अक्षरं मिळवली आणि मग तो लढला. तुमच्याकडे तो आधी लढतो, आणि तीन तास रक्त सांडल्यावर त्याला मुळाक्षरांची आठवण होते.

तुरुंगातला प्रसंग आठवा. राजूचे पाय निकामी झालेले, म्हणून भीम त्याला खांद्यावर घेतो. खाली भीम पळतो, वर राजू दोन्ही हातांनी बंदुका चालवतो. काय दृश्य आहे! कौतुकाने सांगतो, मीही खुर्चीत पुढे सरकलो होतो. बाहेर आल्यावर लक्षात आलं, की सबंध सिनेमाची वाटणी याच एका चित्रात आहे. ओझं गोंडाचं, नेम दुसऱ्याचा. शेवटी राजू भगवं नेसून, धनुष्य घेऊन श्रीराम होतो. भीमाच्या वाट्याला कोणती भूमिका उरली ते रामायण वाचलेल्याला सांगायला नको.

तुमचा भीम वाघाशी झुंजतो, त्याबद्दल जास्त बोलत नाही. आमच्याकडे मुक्कीच्या फाटकापलीकडे कान्हाचं जंगल आहे. भल्या पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बाया वाघाशी कुस्ती खेळत नाहीत. दिसला की हळूच मागे फिरतात.

तुम्ही म्हणाल, ही काल्पनिक कथा आहे, आम्ही तसं आधीच सांगितलंय. सांगितलंत, खरं आहे. मग नावही काल्पनिक ठेवायचं होतं. अल्लाणी श्रीधर यांनी भीमावर १९९० मध्येच सिनेमा केला होता, त्याला थेटर मिळेपर्यंत २०१० उजाडलं. तुमचा एकाच दिवशी जगभर लागला. यापुढे कित्येक पोरांना भीम म्हटलं की तुमचाच आठवणार.

गंमत अशी, की अक्षरांचं महत्त्व निझाम सरकारलाही कळलं होतं. भीमाच्या बंडाने हादरून त्यांनी गोंडांचं काय बिनसलंय ते शोधायला हायमेनडॉर्फ हा मानववंशशास्त्रज्ञ पाठवला. त्याने मारलवाईत गोंड मास्तर घडवायची सोय केली आणि गोंडी पुस्तकं काढली, तीही देवनागरीत. बंडखोराला मारणाऱ्या सरकारने त्याच्या लोकांच्या हाती पुस्तक दिलं. तुमच्या नायकाने मोटारसायकल उचलून फिरवली.

दुसऱ्या भागाची चर्चा अधूनमधून कानावर येते. मागच्या वेळी नाचासाठी कीवचा राजवाडा शोधलात, या वेळी खर्च वाचवा. बालाघाटहून गोंदिया, तिथून गाडी बदलून बल्लारशा. छापखान्यातला एक प्रसंग घ्या: दिव्याखाली बसलेला गोंड पोरगा, हाताला शाई, समोर विठोबा. मारामारी नको, गाणं नको, पाच मिनिटं पुरे. आणि निझामाला त्याची मूळ भूमिका परत द्या. एवढं केलंत तर तिकीट मी काढीन, शेजारच्याचंही काढीन.

आपला,
एक प्रेक्षक, बालाघाट (म. प्र.)