कात्रीमावशी

आमच्या आळीत तारीख विचारली की दोन प्रकारची उत्तरं मिळतात. इतर माणसं सांगतात, “दहा ऑगस्ट.” कात्रीमावशी सांगतात, “संत लॉरेन्स. जाळीवर भाजलेले.” आणि पाठोपाठ विचारतात, “भाऊ, तुमच्याकडे पापड भाजायची जाळी आहे का? जुनी चालेल.”

आमची जाळी अशीच गेली. ती रुखवतात मांडताना माझ्या सासूबाईंना, इसवी सन २५८ मध्ये रोमला हुतात्मा झालेल्या माणसाशी तिचा कधी संबंध येईल, असं स्वप्नातही वाटलं नसेल. जाळीवर पुठ्ठ्याचे लॉरेन्स आडवे झाले, खाली पतंगाच्या लाल-पिवळ्या कागदाच्या ज्वाळा आल्या आणि पोरांनी आळीपाळीने त्यांना परतलं. ‘ही बाजू झाली, आता दुसरी करा,’ असं ते भाजले जाताना म्हणाले, अशी आख्यायिका आहे. म्हणून ते स्वयंपाक्यांचे संत. पोरांना हे ताबडतोब पटलं. आमच्याकडे पापड आता थेट गॅसवर भाजतात.

कात्रीमावशी हे काही बाप्तिस्म्याला ठेवलेलं नाव नव्हे. ते पोरांनी ठेवलं, कारण मावशींची कात्री कायम हरवलेली असते. पादुआचे संत अंतोनी हरवलेल्या वस्तू शोधून देतात, अशी कॅथलिकांची जुनी श्रद्धा आहे. मावशींनी त्या बिचाऱ्यांना कामाला जुंपलं आहे. त्यांचा सण १३ जूनला. पण मावशींकडे ते रोज दुपारी तीनपासून ड्युटीवर असतात. कात्री बहुतेक वेळा मावशींच्याच मांडीखाली निघते. श्रेय मात्र अंतोनींना जातं.

वसईच्या पश्चिमेला, जिथे केळीच्या वाड्या संपून इमारती सुरू होतात (किंवा खरं सांगायचं तर जिथे इमारती वाड्यांना संपवतात), तिथे त्यांचं जुनं घर आहे. शनिवारी दुपारी घराच्या पडवीत आळीतली पोरं जमतात. धर्मशिक्षणाचा रीतसर वर्ग चर्चमध्ये असतो, रविवारच्या मिस्सानंतर. त्याबद्दल मावशींचं मत आदराचं, पण ठाम आहे. “तिथे ऐकवतात. ऐकलेलं पोरांच्या डोक्यात चपला घालेपर्यंत टिकतं. चिकटवलेलं टिकतं.” प्रत्येक धर्मग्रामात अशी एक मावशी असतेच, असं माझे कॅथलिक मित्र सांगतात. आमच्यात गणपतीच्या आधी महिनाभर मखराचा ध्यास घेतलेला एक काका असतो ना, त्याच जातकुळीतली ही बाई.

आमच्या देव्हाऱ्यात गणपती, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण. तरी माझी मुलगी शनिवार चुकवत नाही. तिथे डिंक मिळतो, चार वाजता सुकेळी मिळतात आणि गोष्टीत रक्त असतं.

रक्ताबद्दल मावशींना काडीचा संकोच नाही. नव्या पद्धतीने पोरं वाढवणाऱ्या आया लांडग्यालासुद्धा शाकाहारी करून गोष्ट सांगतात. मावशींच्या पडवीत संत बार्थोलोम्यूची कातडी सोलली जाते. २४ ऑगस्टला प्रत्येक पोराला एक केळं मिळतं. गोष्ट सांगून होईपर्यंत ते हळूहळू सोलायचं, एका वेळी एकच पट्टी, घाई नाही. इतक्या शांततेत केळी खाणारी मुलं मी इतरत्र पाहिलेली नाहीत. संत सेबॅस्टियनच्या अंगात हिराच्या झाडूच्या काड्या घुसतात. संत लुसीचे डोळे बशीत असतात. त्यासाठी शर्टाची बटणं. संत अपोलोनियाचे दात पाडले होते, म्हणून दातदुखीवाले तिची प्रार्थना करतात. तिच्या चित्रावर तर मावशींनी पोरांचे खरेखुरे पडलेले दुधाचे दात चिकटवून घेतले. आमच्याकडे पडलेला दात छपरावर टाकायची रीत. माझ्या मुलीचा वरचा पुढचा दात मात्र अलेक्झांड्रियाच्या हुतात्म्याकडे जमा आहे.

हळूहळू माझ्या लक्षात आलं, की मावशींच्या मनात संतांची एक वेगळीच क्रमवारी आहे आणि तिचा पुण्याईशी फारसा संबंध नाही. कापायला सोपा तो संत मोठा. पीटर थोर, कारण किल्ली. पॅट्रिक उत्तम, कारण तीन पानांचं एकच पान. आयर्लंडचं ते पान वसईत कुठलं मिळायला? मावशी विहिरीच्या कडेची आंबुशी तोडून आणतात आणि तिच्या तीन पानांवर त्रैक्याचा सिद्धांत समजावतात. मग पोरं ती पानं खाऊन टाकतात. संत ब्लेझच्या दिवशी, म्हणजे ३ फेब्रुवारीला, चर्चमध्ये दोन मेणबत्त्यांची फुली गळ्याशी धरून आशीर्वाद देतात; घशात काटा अडकलेल्या मुलाला त्यांनी वाचवलं होतं. पाल्यासारखा काटेरी मासा आवडीने खाणाऱ्या गावात या संताची शिफारस करावी लागत नाही.

असिसीचे फ्रान्सिस जरा अवघड गेले. प्राणी-पक्षी सोपे, पण कमरेच्या दोरीला तीन गाठी असतात : दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. पोरांनी केळीच्या सोपाची दोरी वळली, गाठी मारल्या आणि एकाने विचारलं, “दुसरी गाठ म्हणजे काय?” मावशींनी डोळ्याची पापणीही न हलवता सांगितलं, “ती मोठेपणी. आत्ता तिसरी घट्ट मार.”

पण खरा पेच पडला तो संत जोसेफ वाझ यांच्यापाशी. १६५१ मध्ये गोव्यात बाणावलीला जन्मलेले हे धर्मगुरू. श्रीलंकेत डच सत्तेने कॅथलिकांवर बंदी घातली असताना भिकाऱ्याच्या वेषात तिथे गेले आणि गावोगाव चालत राहिले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना कोलंबोत संत घोषित केलं. पडवीत त्यांची पाळी आली, त्या आठवड्यात मावशी कावऱ्याबावऱ्या होत्या.

“ना तलवार, ना चाक, ना सिंह. नुसते चालले! चालण्याचं काय चिकटवू, भाऊ?”

“चपला करा की.”

“अनवाणी चालले!” मावशी जवळजवळ ओरडल्या. संताने थोडा तरी विचार करायला हवा होता, असा सूर होता.

शेवटी पोरांचे पाय पोस्टरकलरमध्ये बुडवायचं ठरलं. पडवीत कागद अंथरले, पोरं चालली, कागद संपले, पोरं चालतच राहिली. लाल पावलांची एक ओळ आमच्या दारापर्यंत आली, आत शिरली आणि वळून बाहेर गेली. माझी आई हळदकुंकवाची कुयरी घेऊन लगबगीने आली, खाली वाकली आणि तशीच थांबली. “लक्ष्मी आलेली दिसते. पण बाहेर जातानाची पावलं कुणी काढली?” श्रीलंकेतल्या डच राजवटीची हकिकत तिला सांगून झाल्यावरही तिने बाहेर जाणारी पावलं पुसलीच. आत येणारी ठेवली. जोसेफ वाझ त्या दिवसापासून आमच्याकडेच मुक्कामाला आहेत.

साहित्याचा प्रश्न मावशींना कायम छळतो. अमेरिकेतल्या बायका मोबाइलवर दाखवतात, की टॉयलेट पेपर संपला की आतली नळी ठेवून द्या, त्याचे छान संत होतात. आमच्या आळीत हा कच्चा माल निर्माणच होत नाही. मग शिंप्याकडची दोऱ्याची रिकामी रिळं आली. डोक्यामागची सोनेरी वलयं लग्नपत्रिकांमधून येतात. माझ्या मेव्हण्याच्या पत्रिकेतला सोनेरी कागद संत योसेफांना गेला. मेव्हण्याचं आणि त्याच्या बायकोचं फारसं पटत नाही. योसेफांचं वलय मात्र अजून चमकतं. २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिक-थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा गणपती मंडळांइतकाच धक्का मावशींनाही बसला, कारण नाताळचा गोठा पिढ्यान्‌पिढ्या थर्माकोलचा. त्यांनी दोन दिवस शोक केला आणि तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांचा लगदा भिजत घातला. ‘फ्रान्सिसनी १२२३ मध्ये ग्रेच्चो गावात पहिला गोठा मांडला, तेव्हा कुठे होता थर्माकोल? खरा बैल होता, खरं गाढव होतं,’ असं म्हणून त्या माझ्याकडे अशा काही बघायला लागल्या, की मी आमच्याकडे यांपैकी काहीही नाही, हे आधीच स्पष्ट केलं.

या सगळ्यात मावशींच्या नवऱ्याचं, म्हणजे काकांचं काय, असं कुणी विचारत नाही. काका गेली कित्येक वर्षं वसईहून चर्चगेटला जातात आणि घरी येऊन बसायला खुर्ची शोधतात. खुर्चीवर बहुधा एखादा संत वाळत असतो. एकदा स्तंभावरच्या संत सिमियोनची गोष्ट चालली होती. हा सीरियातला तपस्वी खांबावर पस्तीसहून अधिक वर्षं राहिला. मावशी भारावून म्हणाल्या, “विचार करा, इतकी वर्षं एका खांबावर!” काकांनी बॅग खाली ठेवली. “मीही खांब धरूनच उभा आहे. आणि त्याच्या अंगावर बोरिवलीला कुणी चढत नव्हतं.”

मावशींच्या सासूबाईंचा विरोध मात्र गंभीर आहे. त्यांची जुनी लाल लुगडी पेटीत आहेत आणि चर्चच्या रीतीनुसार लाल हा हुतात्म्यांचा रंग आहे. ‘सकल संतां’च्या सणाआधी, ३१ ऑक्टोबरला, मावशी पोरांना संत करून आळीत फिरवतात. शाळांमधून भुतं-हडळी नाचू लागल्या, त्याला त्यांचं हे उत्तर. त्या दिवशी पेटीवर सासूबाई स्वतः बसून असतात. “माझ्या लुगड्याला हात लावलास तर पहिली हुतात्मा तूच.” मिरवणुकीत मुलगे सगळे मायकल नाहीतर जॉर्ज होतात, कारण तलवार. मुली सगळ्या मदर तेरेसा, कारण घरातली पांढरी ओढणी आणि निळी चिकटपट्टी एवढ्यात काम भागतं. गेल्या खेपेला एकजण जीन्स-टीशर्टमध्येच आला. त्याच्या हातात पुठ्ठ्याचा लॅपटॉप. कार्लो अकुतिस, वय वर्षं १५, संगणकवेडा, २०२५ मध्ये संतपद. त्या पोराच्या आईने या संताचं फार कौतुक केलं नाही. रात्री अकरापर्यंत स्क्रीनसमोर बसण्यासाठी घरात आता धार्मिक आधार तयार झाला होता.

मावशींचा खरा दोष वेगळाच आहे. ‘पोरांनी स्वतः करायचं’ हा त्यांचा नियम, पण वाकडं वलय त्यांच्याने बघवत नाही. रात्री जेवणं आटोपली की त्या हळूच पडवीत येतात आणि सगळ्यांची नाकं सरळ करतात. शिवाय पोरांच्या लेखी संत म्हणजे एखादं अवजार घेऊन उभा असलेला माणूस एवढंच उरतं, ही माझी तक्रार आहे. माझी मुलगी सेबॅस्टियनला अजून झाडूवाला संत म्हणते. मी हे मावशींना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, “विसरली तर नाही?”

याचं उत्तर मला सापडलं नाही. फेब्रुवारीत त्या पुन्हा दारात आल्या.

“भाऊ, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे आहेत ना?”

“आहेत. का?”

“जपानी करायचे आहेत.”

संत गोन्सालो गार्सिया आमचे गाववाले. सोळाव्या शतकात वसईत जन्मले. वडील पोर्तुगीज, आई इथली. जपानमध्ये व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाले, जपानी येत असल्यामुळे दुभाषे म्हणून परत जपानला गेले. तिथला सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमावरून ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकलं, त्यांत ते होते. १८६२ मध्ये संतपद मिळालं. भारतात जन्मलेले पहिले संत. मावशींना टेकडी हवी होती, २६ क्रूस हवे होते आणि भालेवाले हवे होते.

माझ्या मुलीने मावळ्यांची पिशवी पोटाशी धरली. “मावळे असं करणार नाहीत.”

“रंगवल्यावर ते मावळे राहत नाहीत, बाळा.”

“आतून राहतात.”

मावशी विचारात पडल्या. धर्मशास्त्राच्या दृष्टीने मुद्दा बिनतोड होता. शेवटी तह झाला : मावळ्यांना शेंड्या बांधून, किमोनो रंगवून, टेकडीखाली रडणाऱ्या लोकांत उभं करायचं. मारेकरी म्हणून कुणाच्या तरी घरातले हिरवे प्लॅस्टिकचे सैनिक आले. त्यांच्या मशीनगनवरच अगरबत्तीच्या काड्यांचे भाले बांधले. त्या २६ जणांत लुईस नावाचा बारा वर्षांचा मुलगा होता आणि धर्म सोडलास तर सोडून देऊ, असं त्याला सांगितलं होतं म्हणतात. हे ऐकल्यावर डिंकाच्या बाटल्या जागच्या जागी थांबल्या. माझ्या मुलीच्या वर्गातल्या एका मुलाने लुईसचं वलय कापलं. फार वाकडं झालं. त्या रात्री मावशींनी इतर पंचवीस जणांची वलयं नीट केली, त्याला हात लावला नाही.

शेंड्या काही निघाल्या नाहीत. त्यानंतरच्या दिवाळीत मुलीने वसईचा किल्ला केला, आणि १७३९च्या वेढ्यात चिमाजीअप्पांच्या बाजूने किमोनो घातलेली एक तुकडी लढायला उभी राहिली. बघायला येणाऱ्यांना ती सांगायची, की ही जपानहून आलेली कुमक आहे. मावशींनी रिळाचे गोन्सालो आणले आणि तटाच्या आत ठेवले.

“मावशी, वेढा पडला तेव्हा त्यांना जाऊन दीडशे वर्षं झाली होती,” मी म्हटलं.

“किल्ल्यातलाच मुलगा तो. शिकला इथे जेझुइटांकडे. बाहेर कसा ठेवू?”

मुलीने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि चिमाजीअप्पांच्या तोफांची तोंडं खाडीकडे वळवली. मावशी खाली वाकून तोफा निरखत होत्या. तोफा शिंप्याकडच्या रिळांच्याच होत्या.

“किल्ला मोडलात की ही रिळं मला परत द्या हं, भाऊ,” त्या म्हणाल्या. “सहा डिसेंबरला निकोलस आहेत. आणि माझी कात्री इथे कुठे राहिली का बघा.”