कोणतं विमान?

गावोगावच्या वाचनालयांतून आढळणाऱ्या वाचकांच्या प्रकारांत विमानवाचक हा सर्वांत निरुपद्रवी समजला जातो, आणि हा समज ज्यांची त्याच्याशी कधी गाठ पडलेली नाही अशा लोकांनीच पसरवलेला आहे. विमानवाचक म्हणजे विमान चालवणारा, बांधणारा किंवा विमानाने हिंडणारा नव्हे. विमानविद्येचा इतिहास, लढाऊ विमाने आणि अंतराळमोहिमा यांवरची पुस्तके वाचणारा, आणि वाचलेले सारे नेमके दुसऱ्याच्या कामाच्या वेळी सांगणारा, तो विमानवाचक. धावपट्टीपासून तो जितका दूर राहतो तितका त्याचा विकार बळावतो, असे निरीक्षणांती म्हणावे लागते. आणि भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव, जिथून विमानतळ गाठायचा तर छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्यापर्यंत जावे लागते आणि जिथे माणसे मान वर करतात ती बहुधा पावसासाठीच, या विकाराला फारच मानवले आहे.

पिंपळगावचे विमानवाचक हे निवृत्त शिक्षक असून गाव त्यांना ‘सर’ म्हणते. वाचनालय ‘ड’ वर्गातले आहे, म्हणजे १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदानासाठी जे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात त्यांतल्या शेवटच्या पायरीवरचे, आणि त्यात पुस्तकांचे तीनच ढीग मानले जातात: कादंबऱ्या, धार्मिक आणि स्पर्धा परीक्षा. सरांनी मात्र ड्यूई दशमान पद्धतीचा, म्हणजे प्रत्येक विषयाला आकडा देऊन पुस्तके लावण्याच्या पद्धतीचा, अभ्यास करून असा अर्ज दिला की विमानबांधणी ६२९.१३ मध्ये, हवाई दले ३५८.४ मध्ये आणि अंतराळप्रवास ६२९.४ मध्ये येत असल्याने त्यांच्या विषयाला तीन स्वतंत्र फळ्या मिळाव्यात. ग्रंथपालाने अर्ज वाचला आणि विमानांची सगळी पुस्तके उचलून धार्मिकच्या शेजारी ठेवली, कारण त्याच्या मते दोन्ही वर जायचीच होती. माधुरी शानभागांनी मराठीत आणलेले ‘अग्निपंख’ तेवढे स्पर्धा परीक्षेच्या ढिगात राहिले, आणि ते तिथून परत मिळवण्याचा सरांचा लढा अद्याप संपलेला नाही.

परंतु अर्ज, फळ्या, लढा हे सारे सोसता येण्याजोगे आहे. जे सोसवत नाही तो सरांचा प्रश्न होय. त्यांच्यासमोर कोणीही, कोणत्याही संदर्भात, ‘विमान’ हा शब्द उच्चारला की ते चष्मा कपाळावर चढवून विचारतात: “कोणतं?” पिंपळगावचा हिरव्या मिरचीचा बाजार नावाजलेला आहे आणि हंगामात तिथे बाहेरगावचे व्यापारी उतरतात, अशाच एकाने, आपली मिरची विमानाने आखाती देशांत जाते, असे भाव पाडण्यापूर्वीच्या प्रस्तावनेत सांगितले, तेव्हा गर्दीतून प्रश्न आला, “कोणतं?” प्रवासी विमानाच्या पोटातल्या मालकप्प्यातून जाते की स्वतंत्र मालवाहू विमानातून, आणि त्या कप्प्याचे तापमान किती राखले जाते, याची उत्तरे व्यापाऱ्याजवळ नव्हती; ती नाहीत हे शेतकऱ्यांच्या ध्यानात आले; आणि मग मिरची खरोखर कुठे जाते याविषयीही शंका निघाल्या. व्यापारी आता सर दिसले की ‘ट्रकने’ एवढेच सांगतो.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ या विमानाला भारतीय हवाई दलाने निरोप दिला, तेव्हा चहाच्या हॉटेलात दूरचित्रवाणीसमोर बसलेल्यांना गहिवरून येण्याइतकीही सवड मिळाली नाही. “मिग निवृत्त झालं, सर,” असे कोणीतरी हळहळून म्हटले आणि व्हायचे ते झाले. निरोप मिळाला तो बायसनला, म्हणजे नवे रडार व नवी क्षेपणास्त्रे बसवून सुधारलेल्या शेवटच्या आवृत्तीला. त्याआधी एफ-१३, मग एफएल, एम, बिस असा वंशविस्तार झाला, आणि त्यांपैकी पुष्कळ विमाने नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात तयार झाली, हे सर्व सांगून होईपर्यंत निरोपसमारंभ आटोपून जाहिराती लागल्या होत्या.

इथे न्यायाने हे नमूद करावे लागते की प्रश्न सरांचा असला तरी मूर्खपणाचा नाही. १९६३ पासून भारतात आलेल्या मिग-२१ च्या सुरुवातीच्या आवृत्तीत अंगची तोफ होती. पुढे आलेल्या एफएलमध्ये ती नव्हती, कारण क्षेपणास्त्रांच्या युगात विमानांना तोफेची गरज उरणार नाही, असा त्या काळच्या अनेक तज्ज्ञांचा ठाम समज होता. प्रत्यक्ष युद्धाने तो खोटा ठरवला, आणि १९७१ मध्ये हीच विमाने पोटाखाली वेगळी तोफ बांधून लढली. एकाच नावाच्या दोन विमानांत बसलेल्या दोन वैमानिकांपैकी शत्रू समोर येताच एकाजवळ तोफ असते आणि दुसऱ्याजवळ नसते, तेव्हा ‘कोणतं?’ हा प्रश्न हॉटेलात कितीही कंटाळवाणा वाटला तरी आकाशात जीवनमरणाचा असतो. तरीही तो चहा निवून जाईपर्यंत विचारला जाऊ नये, हे हॉटेलमालकाचे म्हणणेही ग्राह्यच आहे.

अंतराळाच्या बाबतीत सरांची सूक्ष्मता वाढतच जाते. पीएसएलव्ही या भारतीय प्रक्षेपकाच्या, म्हणजे उपग्रह वर नेणाऱ्या रॉकेटच्या, मुख्य खोडाला बाजूने जोडरॉकेटे बांधतात. ती मुळीच नसतील तर सीए, दोन असतील तर डीएल, चार असतील तर क्यूएल आणि मोठी सहा असतील तर एक्सएल, एवढे आठवीच्या वर्गाने पाठ केल्याशिवाय सरांनी त्यांना कधी मधली सुट्टी दिली नाही, असे त्यांचे माजी विद्यार्थी सांगतात, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर कृतज्ञता असते की जुनी भूक, हे ठरवणे कठीण जाते. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी शाळेच्या सभागृहात चांद्रयान-३ चे अवतरण दाखवले जात असताना “यान उतरलं!” असा एकच जल्लोष झाला, आणि तो ओसरण्यापूर्वीच मागच्या बाकावरून ऐकू आले, “कोणतं?” उतरला तो विक्रम हा अवतरक, त्याच्या पोटात प्रज्ञान ही बग्गी, आणि दोघांना चंद्राजवळ नेणारा प्रणोदन कक्ष अजून वर फिरत आहे, हे ऐकून घेतल्यावरच पेढे वाटण्याची परवानगी मिळाली.

या प्रश्नाची धार गावाला एकदा मात्र उपयोगी पडली. एका उत्सवात बाहेरून आलेले वक्ते प्राचीन भारतीयांच्या विमानविद्येवर बोलले. ‘वैमानिकशास्त्र’ या ग्रंथात ग्रहाग्रहांवर जाणारी विमाने वर्णिलेली आहेत आणि शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्येच मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, असे त्यांनी टाळ्यांच्या गजरात सांगितले. सर उभे राहिले. “कोणतं?” वक्त्यांनी उदारपणे शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर अशी चार नावे दिली. सरांनी चारी नावे टिपून घेतली आणि मग अत्यंत नम्रपणे सांगितले की बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ मध्ये याच चार रचना गणिताने तपासल्या, त्यांपैकी एकही उडण्याजोगी नसल्याचे दाखवले, आणि हा ग्रंथ १९०४ पूर्वीचा असू शकत नाही असा निष्कर्ष काढला. चौपाटीवरच्या उड्डाणाचेही वजन किती, इंजिन कोणते, आराखडा कुठे, हे कोणी निर्विवादपणे दाखवलेले नाही. ज्या पूर्वजांनी वेरूळचा डोंगर वरून खाली कोरत आणला त्यांना न उडालेल्या विमानांचे दागिने घालण्याचे कारण काय, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता, परंतु तेवढ्यात ध्वनिक्षेपक बंद पडला. तो आपोआप पडला असे संयोजक म्हणतात.

स्वतः सर आयुष्यात एकदाच विमानात बसले. मुलाने मुंबईचे तिकीट काढून दिले होते, आणि चिकलठाण्याच्या खिडकीवर त्यांनी पहिला प्रश्न कोणता विचारला असेल हे सांगण्याची गरज नाही. “निळं आहे, काका,” असे खिडकीवरची मुलगी म्हणाली. हे उत्तर ते आजही क्षमाशील वृत्तीने सांगतात. आसनासमोरचे सुरक्षापत्रक वाचून त्यांनी विमानाचा प्रकार हुडकला, पंखाच्या मागच्या कडेला उघडमीट करणाऱ्या झडपा मोजल्या, आणि या गडबडीत खाली पाहायचे मात्र राहून गेले.

सरांची सर्वांत आवडती कथा १९४८ ची आहे. त्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि पलीकडचे बुलढाणे भारतात. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून लँकास्ट्रियन विमानांतून, म्हणजे लँकेस्टर या बाँबफेकी विमानाच्या नागरी अवतारातून, निजामासाठी शस्त्रे आणून उतरवीत असे. आणि १३ ते १७ सप्टेंबरच्या कारवाईत भारताची टेम्पेस्ट विमाने हैदराबादच्या धावपट्ट्यांवर गेली. ही कथा सर पारावर सांगत असताना नव्वदीला टेकलेल्या एका आजीबाईंनी मध्येच म्हटले, “आम्ही पाह्यलं ना इमान. आलं तसं धाटात दडलो. मायनं माझ्या तोंडावर हात ठुला, रडू नको म्हणून. जसं काही त्याला वर ऐकूच जाईन.”

सरांचा चष्मा कपाळावर गेला. “कोणतं?”

“आमचं का त्यायचं, तेच समजत नव्हतं, मास्तर,” आजी म्हणाल्या. “आमचं कोन अन् त्यायचं कोन, हे तरी कुठं समजत होतं तवा.”

पुस्तकांत टेम्पेस्टचा मार्क होता, इंजिन होते, पल्ला होता. खालून ते विमान पाहणाऱ्यांपैकी कोणी नव्हते. सरांनी दुसऱ्या दिवशी दोनशेपानी वही आणली, आणि तेव्हापासून ते आसपासच्या खेड्यांतील उरल्यासुरल्या वृद्धांना गाठून १९४८ मध्ये डोक्यावरून काय गेले, किती वाजता, कोणत्या दिशेने, याची नोंद करीत आहेत. ग्रंथपाल, ज्याने आयुष्यभर त्यांचे अर्ज बाजूला सारले, तो आता रविवारी स्वतःच्या मोटारसायकलवर मागे बसवून त्यांना हिंडवतो. पेट्रोलचे पैसे घेत नाही, परंतु वाटेत विमानांविषयी बोलायचे नाही अशी त्याची अट आहे. काम सोपे नाही. मिरचीच्या बाजारात सर दिसले की म्हातारी माणसे आता वाट बदलतात, आणि एका आजोबांनी तर, प्रश्न कानी पडण्यापूर्वीच, “मोठं होतं, मास्तर, लई मोठं,” असे दुरूनच ओरडून सांगितले व चालू लागले. वहीत ते ‘बहुधा लँकास्ट्रियन’ म्हणून, पुढे प्रश्नचिन्ह घालून, नोंदवलेले आहे.