जोडवी रुमालात, जावई बर्फात

ती. आईस,


व्हिडिओ कॉलवर मी एवढी तोंड भरून हसत होते, तर तुझी नजर थेट माझ्या पायांवर! ‘जोडवी कुठायत?’ म्हणून असा काही सूर लावलास की बाबांनी फोनच काढून घेतला. म्हणून सविस्तर लिहिते.

जपानात स्कीसाठी निसेको, हाकुबा ही मोठी नावं. तिथे गर्दीही जगाची आणि दरही जगाचे. आम्ही यामागाता प्रांतातलं झाओ गाठलं. तोक्योहून यामागातापर्यंत शिनकान्सेन आणि पुढे घाटातून गरगरा फिरवणारी बस. उतरल्या उतरल्या असा भपकारा आला की ओमने नाक दाबून संशयाने त्याच्या बाबाकडे पाहिलं. बाबा निर्दोष होता. अख्खं गावच गंधकाच्या गरम झऱ्यांवर वसलंय.

ते पाणी लिंबाच्या रसापेक्षा आंबट असतं आणि त्यात चांदी काळीठिक्कर पडते. म्हणून स्नानगृहात जाण्यापूर्वीच मी जोडवी काढून रुमालात बांधली. तुझे जावई मात्र ‘माझं कडं हुपरीचं आहे, अस्सल चांदी, काही होत नाही’ म्हणत हातात कडं घालूनच उतरले. अस्सल होतं म्हणूनच काळं पडलं! अजून टूथपेस्टने घासणं चालू आहे.

आणि हो, तिथे अंगावर एकही कपडा ठेवून उतरायचं नसतं. घाबरू नकोस, बायकांचं वेगळं असतं. आधी घासूनपुसून अंग धुवायचं, मगच कुंडात. सुरुवातीला मी नुसती छताकडे बघत बसले. मग शेजारच्या आजींनी थंडीवरून गप्पा काढल्या, नातवंडांची चौकशी झाली आणि माझा संकोच कुठल्या कुठे गेला.

स्कीचं म्हणशील तर त्या बुटांची बकलं लावतानाच आम्हाला घाम फुटला. घोट्याला जात्याची तळी बांधल्यासारखं वाटतं. ओम तासाभरात सुळकन खाली जायला लागला. जावयांना थांबायचा एकच प्रकार साधला, तो म्हणजे बसणे.

पण आई, रोपवेने वर गेल्यावर जे दिसलं ते तुला दाखवायला हवं होतं. सैबेरियाकडून येणारं वारं जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतं, आणि ढगातले अतिथंड थेंब झाडांना लागताक्षणी गोठतात. त्यावर बर्फ चिकटत जातो. शेवटी झाडाचं पानही दिसत नाही. डोंगरभर पांढरी, पोक काढलेली भुतं उभी! किड्यांनी यातली पुष्कळ झाडं वाळवली आहेत, म्हणून आता नवी रोपं लावतायत.

तिथेच जिझोची १७७५ सालची दगडी मूर्ती आहे. प्रवाशांचा आणि लेकरांचा राखणदार. उन्हाळ्यात पुरुषभराहून उंच, आणि आम्ही गेलो तेव्हा गळ्यापर्यंत बर्फात. नुसतं डोकं वर. मी मनोभावे हात जोडले. जावयांना अजून खाली उतरायचं होतं ना!

खाण्याचे हाल झाले नाहीत. तिथे कोन्न्याकू नावाच्या कंदाचे गोळे सोया सॉसमध्ये उकळून काडीला टोचून देतात. वाफाळते, रबरासारखे, वर मोहरीची चटणी. गुरुवार असल्यामुळे ‘कंदच आहे’ म्हणत जावयांनी काड्यांमागून काड्या संपवल्या. मग टपरीवाल्या बाईंनी चवीचं गुपित कौतुकाने सांगितलं: पाण्यात सुकं माकूल टाकतात!

आता प्रायश्चित्त म्हणून पुढच्या गुरुवारी कडक उपास धरणार आहेत. साबुदाणा इथे मिळतो; दाण्याचं कूट आणि उपासाची भाजणी तेवढी कुणाच्या तरी हाती पाठव.

तुझी,
मंजू