साडेतीन इंची शहाणा

महाराष्ट्रात साडेतीन या आकड्याला मान आहे. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणेही साडेतीनच. तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका गाळ्यात काउंटरमागच्या पोरानं "काका, साडेतीन इंची टच आलाय, देऊ का?" असं विचारल्यावर ठाण्याच्या एका गृहस्थांनी घासाघीस न करता पाकीट काढलं, यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. नवल घरी गेल्यावर सुरू झालं.

गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. हिशेब चोख, हात रिकामे, आणि घरात एक रास्पबेरी पाय. एटीएम कार्डाएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर प्रोसेसर, मेमरी, यूएसबीची भोकं असं सगळं एकाच सर्किट बोर्डावर मांडलेलं. डबा नाही, कीबोर्ड नाही, पडदा नाही. हा संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरला विकायला आला. (चार वर्षांतून एकदाच वाढदिवस साजरा करावा लागेल अशी तारीख गाठणारी मंडळी काटकसरी असणारच.) केंब्रिजच्या एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काळजी मुलांची होती. संगणकशास्त्र शिकायला येणारी मुलं घटत चालली होती आणि जी येत होती त्यांना प्रोग्रॅमिंगचा गंध नव्हता. म्हणून मुलांच्या हाती निर्धास्तपणे देता येईल असा स्वस्त संगणक. पहिल्याच दिवशी मागणीच्या रेट्यानं विक्रेत्यांच्या वेबसाइट कोलमडल्या. त्या गर्दीत मुलं कितपत होती कोण जाणे, पण काका भरपूर होते.

आता संगणक म्हटला की पडदा आला. पायवाल्यांचा स्वतःचा सात इंची टच पडदा सप्टेंबर २०१५ मध्ये निघाला: ८०० बाय ४८० ठिपके, एकाच वेळी दहा बोटं ओळखणारा, किंमत ६० डॉलर. संगणक पस्तिसाचा आणि पडदा साठाचा. नाकापेक्षा मोती जड झाला म्हणताना गृहस्थांच्या आतला बँकवाला जागा झाला. शिवाय दहा बोटं लावून करायचं काय? हार्मोनियम थोडीच वाजवायची आहे? त्यामानानं हा साडेतीन इंची स्वस्त होता. ना वेगळी वायर, ना वेगळा चार्जर. बोर्डाच्या कडेला ज्या पिना असतात, त्यांच्यावर नुसता दाबून बसवायचा.

नुसता दाबून, हे ऐकायला सोपं. बोर्डावर पिना चाळीस, दोन ओळींत. पडद्याला भोकं सव्वीस. दोन पिनांमधलं अंतर अडीच मिलिमीटरच्या आसपास. एखादं घर चुकून पुढं सरकलं तर पाच व्होल्ट जिथं जायला नकोत तिथं पोचतात, आणि पडदा काय किंवा बोर्ड काय, एकदा वास आला की आला. चाळिशीचा चष्मा लावणाऱ्यानं हे काम ट्यूबलाइटखाली करावं आणि घरात कोणी हाक मारणार नाही अशी वेळ बघून करावं.

बसला. पाय चालू केला. पडदा उजळला, पांढराशुभ्र. पाच मिनिटं गेली, तरी पांढराच. सौभाग्यवती चहा घेऊन आल्या. "छान उजेड पडतो हो," म्हणाल्या.

त्यात पडद्याचा दोष नव्हता. मागचा दिवा लागला होता, पण चित्र कसं काढायचं ते पायला कोणी सांगितलं नव्हतं. ते सांगणारा ड्रायव्हर आधी घालावा लागतो. घालायचा तर आज्ञा टाइप करायला हव्यात, आणि टाइप केलेलं दिसायला पडदा हवा. म्हणजे छोटा पडदा चालू करायला आधी मोठा पडदा लागतो. शेवटी हॉलमधला टीव्ही कामाला लागला, ऐन मालिकेच्या वेळी. ड्रायव्हर बसला, पाय पुन्हा चालू झाला, साडेतीन इंचांत चित्र उमटलं आणि त्याच क्षणी टीव्ही काळा पडला. हेही रीतीला धरूनच. या पडद्यांबरोबर येणारी ड्रायव्हरची स्क्रिप्ट बहुतेक वेळा सगळं चित्र छोट्याकडे वळवते आणि टीव्हीकडे जाणारी एचडीएमआयची वाट बंद करते. मालिकेतल्या सुनेनं कुंकू पुसलं की नाही, ते त्या घरात आजतागायत कोणाला ठाऊक नाही.

चित्र उमटलं खरं, पण पावलं मोजत. याचा हिशेब गृहस्थांनी पासबुकाच्या जुन्या पाकिटामागे मांडला. पडद्यावर ४८० गुणिले ३२० म्हणजे १,५३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला १६ बिट, म्हणजे एका चित्राला २४,५७,६०० बिट. हे सगळे एसपीआय नावाच्या वाटेनं एकामागून एक जायचे, रेशनच्या रांगेसारखे. वाटेचा वेग १६ मेगाहर्ट्झ धरला तर सेकंदाला एक कोटी साठ लाख. भागाकार केला की सेकंदाला साडेसहा चित्रं. सिनेमाला चोवीस लागतात. वेग दुप्पट केला तर तेरापर्यंत जाता येतं, पण मग काही पडद्यांवर रंग विस्कटतात. माउसचा बाण हलवला की तो आधी इथं असतो, मग तिथं असतो, आणि मधल्या प्रवासाची नोंद कुठंच नसते.

खरी गंमत मात्र बोटाची.

टच पडदा ही कल्पना तशी जुनी. इंग्लंडमध्ये माल्व्हर्नच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमधले ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली विमानवाहतूक नियंत्रणासाठी ती मांडली. त्यांची जात कपॅसिटिव्ह, म्हणजे आजच्या मोबाइलसारखी, बोटातल्या विजेची जाण असणारी. अमेरिकेतल्या सॅम्युएल हर्स्ट यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दुसरी जात काढली, रेझिस्टिव्ह. हिच्यात वीजवाहक लेप दिलेले दोन पारदर्शक थर एकमेकांपासून केसभर अंतरावर असतात. दाबलं की ते टेकतात, आणि कुठं टेकले ते व्होल्टेजवरून कळतं. साडेतीन इंची स्वस्त पडदे बहुधा या दुसऱ्या जातीचे. यांना कुरवाळून चालत नाही, दाबावं लागतं. पण दाबतंय कोण याची यांना फिकीर नसते. नख चालतं, पेनचं टोपण चालतं, हातमोजा चालतो. कणीक मळता मळता सौभाग्यवतींनी लाटण्याच्या टोकानं दाबून पाहिलं, तेही चाललं. साठ डॉलरवाल्या पडद्यानं लाटण्याची दखलसुद्धा घेतली नसती.

दाबलेलं कळलं, तरी कुठं दाबलं ते कळेलच असं नाही. टचची चिप आडव्या-उभ्या दोन्ही दिशांना ० ते ४०९५ असे आकडे देते. त्यातला कुठला आकडा म्हणजे पडद्यावरचा कुठला ठिपका, हे शिकवायला कॅलिब्रेशन करायचं: चार कोपऱ्यांत फुल्या येतात, त्या नेमक्या दाबायच्या. गृहस्थांनी दाबल्या. मग स्वयंपाकघराच्या भिंतीवर वायर वरून घ्यायची की खालून, या घरगुती वादात पडदा उलटा टांगायचं ठरलं आणि त्यांनी चित्र फिरवलं. चित्र फिरलं, पण स्पर्श जागच्या जागी राहिला, कारण चित्र आणि स्पर्श या दोन वेगळ्या चिपांच्या भानगडी आहेत आणि त्यांची एकमेकींशी बोलाचाली नाही. आता वर डावीकडे दाबावं तर बाण खाली उजवीकडे उगवायचा. मेनू उघडायला गेलं की घड्याळ उघडायचं. गृहस्थ तासाभरात या उलट्या जगाला असे सरावले, की संध्याकाळी मोबाइलवर आलेला मुलीचा फोन घेता घेता त्यांनी कापला.

मुलगी पुण्यात, आयटीत. तिनं परत फोन केला. "बाबा, तुम्ही त्याच्यावर अख्खा डेस्कटॉप का दाखवताय?"

प्रश्न वर्मावर होता. त्या पडद्यावर एका मिलिमीटरमध्ये साधारण साडेसहा ठिपके बसतात. खिडकी बंद करायची फुली वीसेक ठिपक्यांची, म्हणजे तीन मिलिमीटरची. माणसाच्या बोटाचं टोक सेंटिमीटरभर. फुलीवर बोट ठेवलं की फुली, तिच्या शेजारचा चौकोन आणि त्याच्याही शेजारची रेघ अशी तिघं मिळून बोटाखाली गडप. नेम धरून एखादी गोष्ट गाठायला लागणारा वेळ तिच्या अंतरावर आणि रुंदीवर कसा अवलंबून असतो, याचा नियम पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञानं १९५४ सालीच घालून दिला होता. लक्ष्य जितकं अरुंद, तितका वेळ जास्त. फिट्ससाहेबांना साडेतीन इंची पडद्यावर वायफायचा पासवर्ड टाकताना बघायला हवं होतं. पडद्यावरचा कीबोर्ड अर्धी जागा खातो, उरलेल्या अर्ध्यात पासवर्डची चौकट मावत नाही. काही खिडक्या तर ३२० ठिपक्यांहून उंच असतात, आणि 'ओके'चं बटण पडद्याच्या खाली, अदृश्य प्रदेशात राहतं. तिथं लाटणंही पोचत नाही.

एवढं सगळं जमवून आणावं, तर प्रणालीची नवी आवृत्ती येते. पायची प्रणाली डेबियन लिनक्सवर आधारलेली, आणि डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या चित्रपटमालिकेतल्या पात्रांची नावं देतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये पायवर बुकवर्म आली, म्हणजे त्या चित्रपटमालिकेतला पुस्तकी किडा. या किड्यानं काय काय कुरतडलं? पडद्याची सेटिंग ज्या फाइलमध्ये लिहायची ती दुसऱ्या फोल्डरमध्ये हलली. नव्या पायवर चित्र रंगवण्याची जुनी पद्धत जाऊन वेलँड आली. मोठ्या पडद्याचं चित्र छोट्यावर उतरवणारा जुना प्रोग्रॅम निकामी झाला. गृहस्थांनी दोनशे पानी वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलेल्या आज्ञा एका रात्रीत मोडी कागदपत्रांच्या पंक्तीला जाऊन बसल्या.

खरं तर मुलगी म्हणाली त्यात सगळं आलं. छोटा पडदा हा लहान केलेला मॉनिटर नव्हे, आणि ज्यांनी तसा मानला नाही त्यांचं बरं चाललंय. पाय-होल या जाहिराती अडवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी पॅड नावाचा एक छोटा फलक आहे, तो मुळात असल्याच साडेतीन इंची पडद्यांसाठी लिहिला गेला. आज किती जाहिराती अडवल्या, कोण कोण अडले, एवढंच सांगतो. बोटाला काही कामच ठेवत नाही. डेव्हिड हंट यांनी २०१४ मध्ये पाय, छोटा टच पडदा आणि मोबाइलचं मॉड्यूल जोडून चक्क फोन बनवला. पडद्यावर नुसते आकड्यांचे मोठाले चौकोन. सुटे भाग १५८ डॉलरचे झाले. तेवढ्यात बाजारात बरा फोन मिळाला असता, पण तो प्रश्न छंदिष्टाला विचारायचा नसतो. आणि डिसेंबर २०१५ मध्ये दोन पाय आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोचले, मुलांनी लिहिलेले प्रोग्रॅम चालवायला. त्यांच्यावर जो दिव्यांचा पडदा होता तो आठ बाय आठ, म्हणजे चौसष्ट ठिपके. अक्षरं एकामागून एक सरकत जायची. अंतराळवीरानं वाचलं, भागलं. ठाण्याच्या स्वयंपाकघराला मात्र दीड लाख ठिपके अपुरे पडत होते.

गृहस्थांनी डेस्कटॉप काढून टाकला. भिंतीवर फक्त वाणसामानाची यादी दिसेल, आणि खाली दोन मोठी बटणं: 'संपलं' आणि 'आणलं'. प्रत्येक बटण साडेतीन सेंटिमीटर रुंद. पायथन भाषेत प्रोग्रॅम लिहिला, मराठी फाँट घातला, आणि पहिली यादी झळकली: हळद, मीठ, साखर, गूळ, तखिट, मरिची, जरिं.

सौभाग्यवतींनी चष्मा लावून वाचलं. मग शांतपणे विचारलं, "ऱ्हस्व वेलांटीचे जिन्नस आणायचे नाहीत का आता?"

झालं होतं असं, की चित्र काढणारी पायथनची लायब्ररी अक्षरं ज्या क्रमानं साठवलेली असतात त्याच क्रमानं छापत होती. 'मिरची'मध्ये आधी म साठवतात, मग वेलांटी, मग र. ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर साठवायची पण अक्षराआधी काढायची, ही आपल्या लिपीची खोड तिला ठाऊक नव्हती. म्हणून म-ची वेलांटी र-च्या डोक्यावर. जोडाक्षरांचेही पाय मोडून ठेवलेले. रव्याचा लाडू नुसता बघूनच घशात अडकत होता. रक्म नावाची आणखी एक लायब्ररी बसवली की हे सुधारतं, कारण ती अक्षरांची नीट जुळणी करून देते. बसवली. मिरची पुन्हा मिरची झाली.

आता ते यंत्र फ्रिजशेजारी टांगलेलं आहे आणि कोणी पाहुणा आला की त्याला दाखवलं जातं. परवा शेजारचे जोशीकाका आले. त्यांनी सवयीप्रमाणे बोट हलकेच वरून खाली फिरवलं. यादी हलली नाही. "हँग झालंय तुमचं," ते म्हणाले. गृहस्थांनी त्यांना दोन थर, मधलं अंतर, व्होल्टेज असं सगळं सविस्तर समजावून सांगितलं. काकांनी पोहे संपेपर्यंत ऐकून घेतलं आणि मग मुद्द्याचं विचारलं, "सगळं मिळून पडलं कितीला?"

"फार नाही हो," गृहस्थ म्हणाले. "पाय तर घरातच होता. पडदा तेवढा घेतला."

"चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला," आतून आवाज आला. "चार्जर सांगा, कारण मोबाइलचा पुरेना. दोन मेमरी कार्डं सांगा. पंखा सांगा, तो पडद्याखाली मावेना म्हणून उंच पिनांचा जोड आणलात, तो सांगा. आणि पिनांचं घर चुकून बसवलेला पहिला पडदा कपाटात ठेवलाय, तोही दाखवा भाऊजींना. अजून वास जात नाही त्याचा."