बटण जरा डावीकडे घ्या

अ‍ॅपचे किंवा वेबसाइटचे स्क्रीन आखायला सॉफ्टवेअर निवडायचं ठरलं, की ऑफिसात पत्रिका जुळवायला बसल्याची कळा येते. कुणीतरी एक्सेल उघडतं. एका बाजूला सॉफ्टवेअरची नावं, दुसऱ्या बाजूला गुण: सावली पडते का, ग्रेडियंट येतो का, त्रिमितीचं काय. ३६ पैकी २८ जुळले की मुहूर्त. नाडी मात्र कुणी बघत नाही, आणि या धंद्याची नाडी एकच: बदल. स्क्रीन काढला जातो एकदा आणि बदलला जातो आयुष्यभर. आयुष्य स्क्रीनचं किंवा डिझायनरचं, जे आधी संपेल ते. म्हणून माझं म्हणणं असं, की सॉफ्टवेअर किती देखणं काढतं हे नंतर बघू. साहेब ‘बटण जरा डावीकडे घ्या’ म्हणाले की ते आपल्याला किती छळतं, हे आधी बघावं.

इतिहास याच बाजूने साक्ष देतो. फोटोशॉप १९९० साली आलं ते फोटोंवर हात फिरवायला. तरी कित्येक वर्षं स्क्रीन त्यातच निघत राहिले, कारण ते ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर होतं. कसं आलं ते विचारायचं नसतं. चित्र निघे झकास, पण सगळ्या स्क्रीनवरचं निळं बटण हिरवं करायचं झालं की एकेक फाइल उघडून ‘लेयर ४७ कॉपी २ कॉपी’ नावाच्या लेयरचा माग काढत बसायचं. त्यात २०१० साली आयफोन ४ ने तेवढ्याच काचेत चौपट पिक्सेल बसवले आणि पिक्सेल मोजून घडवलेले आयकॉन एकदम धुरकट दिसू लागले. त्याच वर्षी आलेल्या स्केचने वेक्टर आणि सिंबॉल हाताशी दिले: बटण एका जागी बदला, सगळीकडे बदलतं. एवढ्या एका सुखासाठी लोकांनी मॅक विकत घेतले, कारण स्केच दुसऱ्या कशावर चालत नव्हतं. फिगमा २०१६ साली सर्वांसाठी खुलं झालं. फोटो रंगवण्यात ते फोटोशॉपच्या पासंगालाही पुरत नाही. पण ते ब्राउझरमध्ये चालतं, लिंक पाठवली की विंडोजवाला डेव्हलपरही तीच फाइल बघतो, आणि ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल साहेबांनी पाहिलेली’ हा वंशविस्तार खुंटतो. या सुखाची किंमत फोटोशॉपवाल्या अडोबीने २०२२ साली २० अब्ज डॉलर लावली होती. युरोप आणि ब्रिटनमधले नियामक आडवे आले, २०२३ च्या डिसेंबरात सौदा मोडला आणि मोडल्याबद्दल अडोबीला १ अब्ज डॉलर भरावे लागले.

मराठीत काम करणाऱ्याला तर परीक्षा घ्यायला लांब जायला नको. बटणावर इंग्रजीत ‘ओके’ असतं तोवर कुठलंही सॉफ्टवेअर गुणी वाटतं. तिथे ‘निवृत्तिवेतनधारकांसाठी’ टाकून बघा. चांगल्या सॉफ्टवेअरात बटण शब्दाबरोबर रुंदावतं आणि शेजारची मंडळी निमूट सरकून जागा देतात. फिगमात ही सोय २०१९ पासून आहे. वाईट सॉफ्टवेअरात शब्द भिंत फोडून बाहेर पडतो. मग उंचीचा प्रश्न. इंग्रजीच्या मापाने बेतलेल्या ओळीत वरून रफार छाटला जातो, खालून उकार. काही ठिकाणी भारतीय लिपीचं सेटिंग शोधून चालू केल्याशिवाय पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन उभी राहते. डेमोत हे दिसत नाही, कारण डेमोतला मजकूर लॅटिन असतो आणि तो कुणी वाचत नाही.

यावर जाणकार म्हणतील, हत्यारात काय आहे, कागद-पेन्सिलीवरही उत्तम डिझाइन होतं. होतं ना, सुरुवातीला तेच करावं. बाल्सामिकसारखं सॉफ्टवेअर तर मुद्दाम हाताने खरडल्यासारखं चित्र देतं, म्हणजे गिऱ्हाईक रंगावर घसरत नाही. पण विसाव्या फेरीला खोडरबर झिजतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: फाइल परक्याच्या सर्व्हरवर, उद्या दुकान बंद झालं तर? हे खरंच घडतं. वेबसाठीच बनवलेलं फायरवर्क्स मॅक्रोमीडियाबरोबर अडोबीकडे गेलं आणि २०१३ साली अडोबीने त्याचा विकास थांबवला. एके काळी ज्याच्या त्याच्या तोंडी असलेलं इनव्हिजन २०२४ अखेर बंद झालं. ही धास्ती असेल त्याने पेनपॉट बघावं. ते ओपन सोर्स आहे आणि आपल्या सर्व्हरवर ठेवता येतं. पण जुन्याला कवटाळून बसणं हा यावरचा उपाय नव्हे, जुनंही मरतंच. मुळात हाही बदलाचाच प्रश्न आहे, यावेळी घरच बदलायचं एवढंच. तेव्हा काम बाहेर कसं काढायचं ते आत शिरण्याआधी बघून ठेवावं.

उरला सवयीचा मुद्दा. हात बसलेला असतो हे मान्य, पण शॉर्टकट महिन्याभरात बोटांत उतरतात, आणि बदलाच्या फेऱ्या नोकरी असेतो चालतात.

तेव्हा पैसे भरण्याआधी आपला सगळ्यांत किचकट स्क्रीन त्या सॉफ्टवेअरात उतरवा, मजकूर मराठीत भरा आणि ती फाइल अकाउंट्समधल्या, डिझाइनशी काडीचा संबंध नसलेल्या माणसाला उघडायला द्या. त्याचा फोन आला नाही, तर खुशाल लायसन घ्या.