आधी नाव सांगा, मग खेळा

स्विच 2 या गेम कन्सोलच्या कंट्रोलरवर निन्टेंडोने 'सी' नावाचं नवं बटण दिलंय. ते दाबलं की खेळता खेळता मित्रांशी बोलता येतं, कॅमेरा जोडला तर चेहरेही दिसतात. पण ही सोय सुरू करण्याआधी कंपनीला मोबाइल नंबर हवा असतो आणि मूल सोळा वर्षांखालचं असेल तर पालकांची परवानगी. यंत्र 5 जून 2025 रोजी बाजारात आलं. त्याच्या महिनाभर आधी निन्टेंडोने आपलं गोपनीयता धोरण बदललं आणि लिहून ठेवलं, की तुमची संमती असेल तर तुमच्या गप्पांचा आवाज आणि व्हिडिओ आम्ही नोंदवू शकतो, तपासू शकतो. त्याच सुमारास अमेरिकेतल्या ग्राहकांसाठीच्या करारातही एक कलम आलं: अटी मोडल्या तर यंत्र कायमचं निकामी करायचा हक्क कंपनीकडे. पैसे तुमचे, यंत्र तुमच्या घरात, आणि ते बंद पाडायचा अधिकार दुसऱ्याचा. हे कलम ज्यांनी आधी वाचलं आणि ज्यांनी त्याच्यावर आरडाओरड केली, ते गेमर होते. ग्राहक मंचांनी आणि वृत्तपत्रांनी लक्ष द्यायला हवं होतं, ते काम या पोरांनी केलं.

भारतात निन्टेंडो अधिकृतपणे यंत्र विकत नाही. तरीही चेन्नईत माल मिळतो. बीच स्टेशनसमोरचा बर्मा बाजार 1969 मध्ये बर्माहून परत आलेल्या तमिळ कुटुंबांनी उभा केला आणि तेव्हापासून परदेशी वस्तू या शहरात त्या वाटेने येत राहिल्या. पुढे माउंट रोडच्या आतली रिची स्ट्रीट इलेक्ट्रॉनिक्सचं माहेरघर झाली. इथे घेतलेल्या यंत्राला कंपनीची वॉरंटी नसते, हे गिऱ्हाइकाला माहीत असतं. पण स्क्रीनवर 'मान्य' दाबताना आपण परदेशातल्या ग्राहकासाठी लिहिलेल्या करारावर सही करतोय आणि तक्रार घेऊन जायला इथे कोणाचं दार नाही, याची जाणीव किती जणांना असते? वॉरंटी गेली तर पैसे जातात. मुलाचा आवाज आणि चेहरा कुठे गेला, हे मात्र कधी कळतच नाही.

कन्सोलबद्दल गेमर काय म्हणतात ते विचारलं, की लोक हसतात. ग्राफिक्स, फ्रेम रेट, स्टोरेज यांच्यावरची भांडणं, असं समजलं जातं. त्यांनी 2013 आठवावं.

त्या वर्षी 21 मे रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला. सोबत किनेक्ट नावाचा कॅमेरा आणि मायक्रोफोन सक्तीचा. तो जोडलेला नसेल तर यंत्र चालणार नव्हतं. हातवारे ओळखणारा, बंद यंत्रालाही आवाजाने जागं करणारा, चेहऱ्यावरून हृदयाचे ठोके मोजणारा कॅमेरा, अशी त्याची जाहिरात होती. दर 24 तासांनी यंत्राने इंटरनेटवर हजेरी लावायची, नाहीतर विकत घेतलेला गेमही उघडणार नाही. जुनी डिस्क मित्राला द्यायची किंवा विकायची, तर कंपनीच्या अटींवर. हे सगळे नियम मायक्रोसॉफ्टने 6 जून 2013 रोजी सविस्तर छापले. नेमक्या त्याच दिवशी अमेरिकी गुप्तचर यंत्रणेच्या 'प्रिझम' या पाळत कार्यक्रमाची स्नोडेनने दिलेली माहिती जगासमोर आली आणि त्यातल्या कंपन्यांच्या यादीत मायक्रोसॉफ्टचं नाव होतं. बैठकीच्या खोलीत कायम जागा असलेला मायक्रोफोन लोकांनी का नाकारला, हे वेगळं सांगायला नको.

भारतासाठी तर आणखी एक अपमान होता. तो कन्सोल फक्त 21 देशांत चालेल, अशी यादी निघाली होती. त्या यादीत भारत नव्हता. चेन्नईतल्या कोणी बाहेरून आणला असता, तर पूर्ण किंमत मोजून तो घरात नुसता पडला असता.

मग काय झालं? गेमर गप्प बसले नाहीत. 10 जूनला सोनीने लॉस एंजेलिसमध्ये प्लेस्टेशन 4 दाखवला, शंभर डॉलरने स्वस्त, आणि जुन्या डिस्कवर कोणतीही बंधनं नसलेला. जोडीला एक छोटा व्हिडिओ काढला: एक माणूस दुसऱ्याच्या हातात गेमची डिस्क देतो, बस. इंटरनेट नसलेल्यांसाठी आमच्याकडे एक्सबॉक्स 360 आहेच, असं सुनावणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या डॉन मॅट्रिक यांनाच 19 जून रोजी इंटरनेट-हजेरीचे आणि जुन्या डिस्कचे नियम मागे घेतल्याचं जाहीर करावं लागलं. पुढच्या जूनमध्ये किनेक्टशिवायचा एक्सबॉक्स विक्रीला आला. भारतात कन्सोल पोहोचला सप्टेंबर 2014 मध्ये, तोपर्यंत इथल्या गिऱ्हाइकाला कॅमेरा घ्यायचा की नाही हे स्वतः ठरवायची मोकळीक मिळालेली होती. ती आपल्या कोणत्या मंत्र्याने मिळवून दिली नव्हती. जगभरच्या खेळणाऱ्यांनी पैसे न देण्याची धमकी दिली, म्हणून मिळाली.

सोनीला या कथेतला नायक करायची मात्र गरज नाही. 2011 च्या एप्रिलमध्ये तिच्या प्लेस्टेशन नेटवर्कमध्ये चोर शिरले आणि 7 कोटी 70 लाख खात्यांची नावं, पत्ते, ईमेल, जन्मतारखा, पासवर्ड धोक्यात आले. 20 एप्रिलला सेवा बंद केली, आणि माहिती गेल्याचं ग्राहकांना सांगितलं 26 एप्रिलला. मधले सहा दिवस लोक आपलं खातं कधी सुरू होतं याची वाट पाहत होते, आणि त्यांची माहिती चोराच्या हातात होती. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी जानेवारी 2013 मध्ये अडीच लाख पौंडांचा दंड ठोठावला. एवढ्या मोठ्या कंपनीला हा दंड म्हणजे काहीच नाही.

म्हणून मे 2024 मध्ये सोनीने 'हेलडायव्हर्स 2' हा गेम संगणकावर खेळणाऱ्यांना 'प्लेस्टेशनचं खातं जोडा, नाहीतर खेळणं बंद' असं फर्मावलं, तेव्हा उसळलेला राग उगाच नव्हता. ज्या देशांत प्लेस्टेशनची सेवाच नाही, तिथल्या लोकांनी तो गेम पैसे देऊन घेतलेला होता. त्यांनी खातं कुठून आणायचं? काही दिवसांत सोनीने माघार घेतली. ज्यांची माहिती एकदा गेली आहे, ते दुसऱ्यांदा कारण विचारतात. हा शहाणपणा आहे, त्याला कोणी आडमुठेपणा म्हणू नये.

आता आवाजाची गोष्ट, कारण इथे मला गेमरांशी थोडा वाद घालायचाय. ऑक्टोबर 2020 मध्ये प्लेस्टेशन 4 च्या नव्या अपडेटनंतर 'तुमचं बोलणं नोंदवलं जाऊ शकतं' असा संदेश झळकला आणि 'सोनी आपलं बोलणं ऐकते' अशी बोंब झाली. प्रत्यक्षात तक्रार करणाऱ्या खेळाडूने प्लेस्टेशन 5 वरून छोटा तुकडा पाठवायचा, अशी ती व्यवस्था होती. एक्सबॉक्सने 2023 मध्ये अशीच सोय आणली, 60 सेकंदांची; तक्रार केली नाही तर तो तुकडा कंपनीकडे जात नाही. ऑनलाइन खेळताना मुलींना काय ऐकून घ्यावं लागतं, हे ज्यांना माहीत आहे, ते या सोयीला विरोध करणार नाहीत. आवाज ऐकू आला की शिवी येते, म्हणून कित्येक जणी माइक बंद ठेवून खेळतात. पुराव्याशिवाय त्यांनी तक्रार कशी करायची? नोंद यंत्रातच राहत असेल, तिचा वेळ ठरलेला असेल आणि पाठवायचा निर्णय तक्रारदाराचा असेल, तर ती गोपनीयतेची शत्रू नाही. सोनीची चूक वेगळी होती: आधी संदेश, मागाहून स्पष्टीकरण. लोकांच्या घरातल्या आवाजाबद्दल बोलायचं असेल तर क्रम उलटा हवा.

मुलांच्या बाबतीत तर चुकीचा क्रम कंपनीला महागात पडला. जून 2023 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मायक्रोसॉफ्टकडून 2 कोटी डॉलर वसूल केले. एक्सबॉक्सवर खातं उघडताना तेरा वर्षांखालच्या मुलांकडून नाव, ईमेल, जन्मतारीख आणि फोन नंबर आधी घेतला जाई, पालकांना बोलवा असं त्यानंतर सांगितलं जाई. पालकांनी खातं पूर्ण केलं नाही तरी ती माहिती 2015 ते 2020 या काळात कधी कधी वर्षानुवर्षं ठेवली गेली. डिसेंबर 2022 मध्ये 'फोर्टनाइट'वाल्या एपिक गेम्सने 52 कोटी डॉलर मोजायचं कबूल केलं, त्यातले साडेसत्तावीस कोटी मुलांच्या गोपनीयतेच्या भंगासाठी. अनोळखी माणसांशी बोलण्याची सोय मुलांसाठीसुद्धा आधीपासून चालू ठेवलेली होती. कोणत्या घरात आई असं दार उघडं टाकून झोपेल?

आणि सरकार? ते ओळख मागण्यात कंपन्यांच्या मागे नाही. तमिळनाडू हे त्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये राज्याच्या ऑनलाइन गेमिंग प्राधिकरणाने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांसाठी नियम काढले: आधारने ओळख पटवायची, मध्यरात्री बारा ते पहाटे पाच खेळ बंद, अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. कंपन्या मद्रास उच्च न्यायालयात गेल्या, खेळाडूंची एक संघटनाही गेली. खासगीपणाचा हक्क त्यांनी पुढे केला. न्या. एस. एम. सुब्रमण्यम आणि न्या. के. राजशेखर यांच्या खंडपीठाने 3 जून 2025 रोजी नियम कायम ठेवले. खासगीपणाचा हक्क निरपवाद नाही, असं म्हटलं.

या निकालावर मी नाराज नाही. ऑनलाइन रमीत पैसे घालवून जीव दिलेल्यांची घरं या राज्यात आहेत. निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांच्या समितीने 2022 मध्ये त्याबद्दल राज्याला अहवाल दिला, त्यातूनच पुढचा कायदा आला. जिथे माणसाचा पगार एका रात्रीत संपतो, तिथे कोण खेळतोय हे विचारायला हरकत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये तर संसदेनेच पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घातली.

माझी धास्ती पुढची आहे. जुगारासाठी घातलेली अट खेळासाठीही सहज वापरली जाईल. कन्सोलवर फुटबॉल खेळणाऱ्या मुलीचा आणि रमीत पैसे लावणाऱ्या माणसाचा प्रश्न एक नाही. पहिलीकडे आधार मागायचं काही कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठातून खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, आणि वर्षभरानंतर खासगी कंपन्यांनी आधार मागण्याला आधार देणारी तरतूद रद्द केली. त्या दोन निकालांचं वजन खेळाच्या मैदानावर कमी होऊ नये.

आता केंद्राचा 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम आले, मुख्य जबाबदाऱ्या दीड वर्षाने, म्हणजे मे 2027 पासून लागू होतील. अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल, त्याच्यासाठी पालकांची पडताळलेली संमती, त्याच्या वागण्यावर पाळत नाही, त्याला नेम धरून जाहिराती नाहीत. मोडलं तर 200 कोटींपर्यंत दंड. उत्तम. पण मूल कोण हे ओळखायला सगळ्यांचीच कागदपत्रं मागायची सवय लागली, तर माहिती वाचवण्याच्या नावाखाली माहितीचाच ढीग वाढेल. नियमांत डिजिलॉकरसारख्या यंत्रणेकडून टोकन घेण्याची वाट ठेवलेली आहे. कंपनीला 'प्रौढ आहे' एवढं कळावं, नाव आणि नंबर कळू नये. कन्सोल कंपन्यांनी ही वाट धरली पाहिजे आणि सरकारने धरायला लावली पाहिजे.

सगळ्यात साधा उपाय मात्र आधीपासून बाजारात आहे: डिस्क. रिची स्ट्रीटवर जुना गेम घ्या, दुकानदार नाव विचारत नाही. चार-पाच हजारांचा नवा गेम परवडत नाही, म्हणून खेळून झालेला विकून दुसरा घ्यायचा, यावरच आपल्याकडचे कित्येक जण खेळतात. नेमकं हेच आता काढून घेतलं जातंय. एक्सबॉक्स सिरीज एसला डिस्कची जागाच नाही. प्लेस्टेशन 5 च्या नव्या मॉडेलला डिस्क ड्राइव्ह वेगळा जोडायचा तर पहिल्यांदा इंटरनेट लागतं. स्विच 2 च्या काही कार्डांमध्ये गेमच नसतो, फक्त किल्ली असते. गेम इंटरनेटवरून उतरवायचा. 2013 मध्ये दारातून हाकललेली गोष्ट खिडकीतून आत आली.

चेन्नईकरांना इंटरनेटचा भरवसा किती, हे सांगायला नको. समुद्राखालच्या केबल ज्या शहराच्या किनाऱ्याला लागतात, त्याच शहरात डिसेंबर 2016 च्या वरदा चक्रीवादळानंतर वीज आणि इंटरनेटसाठी लोक ताटकळले, डिसेंबर 2023 मध्ये मिचाँगने पुन्हा तेच केलं. वीज आधी येते, ब्रॉडबँड मागाहून. त्या मधल्या दिवसांत घरात अडकलेल्या मुलाला स्वतःच्या पैशाचा गेम खेळता आला पाहिजे, एवढी ही मागणी आहे.

आपल्याकडे पाकीटबंद मालावर किंमत, निर्माता, देश छापायची सक्ती 2011 च्या वैधमापन नियमांनी केलेली आहे. कन्सोलच्या खोक्यावर आणखी चार ओळी छापायला लावा: सुरू करायला इंटरनेट लागतं का, खातं लागतं का, फोन नंबर लागतो का, आणि कंपनी हे यंत्र दूरवरून बंद करू शकते का. ठळक अक्षरांत, किमतीच्या शेजारी, तमिळमध्ये आणि मराठीतही.